दिवाळीनंतरचा फेरा

भाऊबीज उरकली की आमच्या फुलांच्या दुकानात अचानक शांतता होते. दसऱ्यापासून हात झेंडूत बुडालेले असतात, बोटांना पिवळट हिरवा रंग चढतो, आणि तो साबणानं जात नाही, आपल्या मर्जीनंच जातो. मग एका सकाळी शटर वर करताना नाकाला गार वारा लागतो. कोरडा, जरासा धुरकट, तुरीच्या पानांचा वास घेऊन आलेला. अमरावती शहर आहे हे मान्य, पण शहराच्या चारी बाजूंना वावरं आहेत आणि वारा काही महानगरपालिकेला विचारून येत नाही. तो वारा लागला की माझे पाय शिवशिवतात आणि घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होतात, यंदाही झाल्या.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या मोकळ्या शनिवारी मी सायकलवर निघते आणि रविवारी सांजच्याला परत येते. वलगाव, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर आणि पुन्हा अमरावती. डांबरी रस्ता होईल तितका टाळायचा. पांदणीनं जायचं, म्हणजे दोन वावरांमधून जाणाऱ्या बैलबंडीच्या वाटेनं. कालव्याच्या पाळीवरून जायचं. बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे रूळ गवतात झोपलेत, त्यांच्या शेजारून जायचं. मोठ्या शहरातली मंडळी महागड्या पिशव्या लावून असलं काही करतात आणि त्याला इंग्रजी नाव आहे, असं माझा भाचा सांगतो. मी त्याला फेरा म्हणते. सायकलही त्या भाच्याचीच. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाड टायरांची ती सायकल माझ्या अंगणात टाकून गेला. पिशव्या मी स्कूटरच्या सीटला कव्हर शिवणाऱ्याकडून रेक्झिनच्या शिवून घेतल्या. त्यानं माप घेताना विचारलं, ताई, याच्यात ठेवान काय? म्हटलं, चादर, एक ड्रेस, भाकरी आणि ठेचा. त्यानं मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. फार कमी लोक इतके शहाणे असतात.

बाकीचे विचारतात. आमच्या वऱ्हाडात माणूस घराबाहेर पडतो तो कामानं. बाजाराला, वावरात, लग्नाला, मातीला, दवाखान्यात. बिनकामाचं जाणं ही गोष्टच लोकांच्या डोक्यात बसत नाही. पहिल्या वर्षी वलगावच्या टपरीवर चहा घेत होते तर एका काकांनी विचारलं, कुठी चालली? मी म्हटलं, अमरावतीले. ते म्हणाले, अमरावती तं मागं राहिली. म्हटलं, हाव, फिरून जातो. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माझ्याकडं नीट पाहून विचारलं, "कावून?" या ‘का’चं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही आणि आजही येत नाही. येत नाही तर येत नाही. देवळाभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाप्पा, निघाला तिथंच परत येणार होता तर फिरला कशाला.

वलगाव माझं माहेर. आमचं घर भाजीपाल्याचं आणि फुलांचं. वांगी, कोथिंबीर, मेथी, शेवंती. विहिरीला गोड पाणी आणि तेही भरपूर. लहानपणी तहान लागली की पाटाशी ओणवं व्हायचं, ओंजळ भरायची. बाबा सायकलच्या दोन्ही बाजूंना डाले बांधून पहाटे मंडीत जायचे. ती सायकल परत आली की दुपारभर ती माझी. नळीखालून पाय घालून, तिरकं होऊन, मी बांधाबांधानं हाणत सुटायची. पुढं मोठी झाले, लग्न झालं, अमरावतीला आले, आणि कोणी बंदी न घालताच सायकल सुटली. बायकांच्या किती गोष्टी अशा कोणी बंदी न घालता सुटतात याचा हिशोब कोणी ठेवत नाही. मी तरी आता एक परत धरली आहे आणि ती सोडणार नाही.

दरवर्षी वारा लागला की मला आठवते ती तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. तशी दिवाळी पुन्हा नको, पण झाली ते फार बरं झालं.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात चांदूर बाजारच्या पुढं एका नाल्यात घसरून माझं मनगट मोडलं होतं. आत पट्टी बसवावी लागली. कितीतरी आठवडे मला हार गुंफता येईना. सुधाकरराव, म्हणजे आमचे हे, उजाडायच्या आत दुकान उघडून एकटे हार करायचे. शेवंती नीट ओवता येत नाही त्यांना, देठ तुटतात. मी शेजारी स्टुलावर बसून पाहायची आणि ते न बोलता तुटलेली फुलं टोपल्यात टाकायचे. तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मी पाहिलं होतं. म्हणून पुढच्या दिवाळीला मी पिशव्या झटकायला काढल्या, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला अगदीच वावगं वाटलं नाही. ते म्हणाले, "जा. पण मले आणायले यायची पाळी आली, तं सायकल माळ्यावर. कायमची." मी रागात होते. "कबूल," म्हटलं आणि भाकऱ्या थापायला गेले.

आमच्या घरात दिलेला शब्द म्हणजे शब्द. तो मोडायचा नाही. म्हणजे त्या वर्षी मी फेऱ्यावर निघाले ती सायकल पणाला लावून. चाक पंक्चर झालं, पाय मुरगळला, ताप आला, काहीही झालं तरी फोन करायचा नाही. केला की संपलं.

शनिवार तर असा गेला की कोणालाही हेवा वाटावा. चांदूर बाजारकडं संत्र्याच्या बागा लागल्या. फळं अजून हिरवी, पण एखाद्या फांदीवर कडेचं एखादं पिवळं व्हायला लागलेलं. ऊन अंगाला हवंसं वाटत होतं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिवसभर सोबतीला. मोडलेलं मनगट दगडांवर ठणकायचं. मी हॅन्डल सैल धरायची, हात झटकायची आणि पुढं जायची. पऱ्हाटी फुटली होती. कापसाचं झाड आमच्याकडं पऱ्हाटी. वावरामागून वावर पांढरं, मधेच तुरीचे हिरवे पट्टे, तुरीला पिवळी फुलं. बंडीच्या चाकोऱ्यांमधून चाक चालवताना नजर खाली ठेवावी लागते, नाहीतर गेलंच, आणि नजर तर सारखी वर जाते. अंजनगावला माझी मावसबहीण राहते. तिच्या घरामागं नागवेलीचा पानमळा आहे, आत शिरलं की दुपारीसुद्धा ओल्या मातीचा गारवा. ती मला आत घेऊन गेली, कोवळी पानं खुडून दिली, आणि म्हणाली, सुधाकरभाऊले काय वाटत असंन. जेवताना म्हणाली, झोपताना म्हणाली, सकाळी चहा देताना परत म्हणाली.

काळजी. या शब्दावर माझा फार राग आहे. हीच बाई, म्हणजे मी, दसऱ्याच्या आठवड्यात उभ्यानं झेंडू तोलते, पहाटेपासून मान खाली घालून हार गुंफते, पाठ धरली तर उशीला टेकून उरलेले पूर्ण करते, तेव्हा काळजी कुठं चरायला गेलेली असते? घरात पाणी भरताना, धान्याचं पोतं सरकवताना, आजाऱ्याला उचलताना कोणी म्हणत नाही, वय झालं, जप. सायकलवर बसली की सगळ्यांना एकदम माझी हाडं आठवतात. म्हणजे हाडांची काळजी नाहीच आहे. ती बिनकामाची निघाली, कोणाला न विचारता निघाली आणि खुशीत निघाली, याचा त्रास आहे. लोकांनी रागावावं, मला चालेल. पण प्रेमाचं नाव घेऊन दावं बांधू नये.

असलं सगळं मनातल्या मनात भांडत मी रविवारी सकाळी दर्यापूर मागं टाकलं आणि खारपाणपट्ट्यात शिरले.

हे सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना माहीत नसतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खणा, बोअर मारा, खारटच. वर माती मात्र अशी काळीभोर आणि खोल की भेगेत हात घातला तर खांद्यापर्यंत जावा. मी हे शाळेपासून जाणते. पण जाणणं वेगळं आणि अंगवळणी असणं वेगळं. मी वलगावच्या गोड पाण्याची. आमच्या अंगात हे मुरलेलं असतं की पाणी काय, कुठंही मिळतं, कोणाच्याही विहिरीवर थांबावं.

दोन-तीन दिवसांपूर्वी त्या भागात पाऊस पडून गेला होता. वावरं वरून सुकलेली दिसत होती, भेगासुद्धा पडायला लागल्या होत्या. मी वावरं पाहिली आणि पांदणीत सायकल घातली. इथंच घोडं पेंड खातं. पांदणीवर दोन्ही बाजूंनी बाभळी झुकलेल्या, ऊन खाली येतच नाही. वर पापुद्रा वाळलेला, खाली सगळा गाळ. थोडं पुढं गेले आणि माती चाकाला धरायला लागली. काळी माती धरते म्हणजे कशी, ते तिच्यात चाललेल्यालाच ठाऊक. चाकाचा आकार दुप्पट होतो, मग माती चौकटीत अडकते, मग चाक फिरतच नाही. ढकलता येत नाही, उचलावं तर अंगात तेवढं बळ नाही.

आणि मग मी ते केलं. तिन्ही बाटल्यांतलं पाणी चाकांवर ओतलं. धुवून टाकते, मोकळी होते आणि निघते, असं वाटलं. पाणी पडलं तशी माती आणखी चिकटली, सरसासारखी. मी काठीनं कोरत बसले. शेवटच्या बाटलीतला शेवटचा घोट कधी ओतला गेला ते कळलंसुद्धा नाही. मग घसा कोरडा पडला, मी बाटलीकडं हात नेला, आणि तेव्हा मला आठवलं की मी कुठं आहे. जवळच एका वावरात हातपंप होता. धावत गेले, हापसलं, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली.

फोन खिशात होता. रेंजही होती. मी तो काढला, नाव समोर आणलं, आणि परत खिशात ठेवला. ऊन चढत होतं. घसा चिकटत होता. एक साधा फोन, मी इथं आहे, पाणी घेऊन या, एवढंच. पण तो केला की सायकल माळ्यावर जाणार होती. मी सायकल ओढत कशीबशी धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत, आणली आणि तिथंच फतकल मारून बसले. हट्टी तर मी आहेच, पण त्या दिवशी मला माझ्या हट्टाची भीती वाटली.

तेवढ्यात पलीकडून बायका आल्या. डोक्यावर डाले, कमरेला वेचायच्या झोळ्या, आणि पुढं एक साठीची काटक बाई, हातात तांब्या आणि कापडानं झाकलेलं ताट. त्या वावरातला तो कापसाचा पहिला वेचा होता, आणि पहिल्या वेच्याच्या दिवशी आमच्याकडं सीतादही करतात. वावराच्या मालकिणीनं पऱ्हाटीच्या बुडाशी दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, वावरात शिंपडायचा, आणि मगच पहिल्या बोंडाला हात लावायचा. पुढं चालणारी गोकर्णाबाई त्या वावराची मालकीण होती. तिनं मला पाहिलं, सायकल पाहिली, ओला चिखल पाहिला.

"अव्वो माय," ती म्हणाली, "गोडं पानी चाकावर वतलं?"

मी मान हलवली. बोलायला थुंकी नव्हती. बायका हसल्या, मग हसता हसता थांबल्या. गोकर्णाबाईनं घरून आणलेल्या कॅनमधून पेलाभर पाणी दिलं. एकच पेला, काठोकाठ. त्या मुलखात जेवायला कोणी नाही म्हणत नाही, भाकरीवर भाकरी वाढतात, पण गोडं पाणी सगळेजण पेल्यानं मोजतात, आणि मोजताना कोणाला लाजही वाटत नाही. दिवसभर वेचणाऱ्या बायकांना त्याच कॅनमध्ये भागवायचं होतं. मी तो पेला दोन्ही हातांनी धरून प्यायले. दुसरा मागितला नाही, त्यांनीही विचारलं नाही.

सायकल उन्हात आडवी टाक आणि हात लावू नको, असं त्यांनी बजावलं. वाळू दे, मग ठोक, खापरासारखी निघंन. पण दुपारपर्यंत वाळायची नाही असंही म्हणाल्या, आणि ते मात्र खोटं ठरलं, त्याच्या खूप आधी वाळली. तोवर मला नुसती बसून राहू देतील तर त्या वऱ्हाडातल्या बायका कशा. सीतादही झालं, हातावर दहीभात पडला, आणि एकीनं आपली जास्तीची झोळी माझ्या कमरेला बांधली. फोन पिशवीत ठेवून मी वेचायला लागले. बोंडाच्या सुकलेल्या कडा बोटांना टोचतात. झेंडूनं पिवळी झालेली माझी बोटं पाहून त्यांनी मला हळदीची नवरी म्हणायला सुरुवात केली. कुठली, कोणाच्या घरची, पोरंबाळं किती, नवरा काय करते, आणि मग ठरलेला प्रश्न, सायकलवर कावून? मी म्हटलं, मन झालं. गोकर्णाबाई जरा वेळ वेचत राहिली. मग म्हणाली, मले बी लय गोष्टीचं मन होते. आणि पुढच्या झाडाकडं सरकली.

मी वावराच्या दुसऱ्या टोकाला असताना धुऱ्यावरच्या पिशवीत माझा फोन वाजला. तो गोकर्णाबाईनं उचलला. सुधाकररावांचा होता. तिनं जे खरं ते सांगितलं, की तुमची मालकीण माह्या वावरात बसली हाये, सायकल चिखलात गेली, पाणी सारं सांडून टाकलं. पांदण जिथं मूर्तिजापूरच्या डांबरी रस्त्याला निघते तिथं या, असा पत्ताही दिला. मग मला हाक मारून मोठ्या समाधानानं सांगितलं, निघाले वं तुहे मालक. तिला काय ठाऊक आमच्यात काय ठरलंय. मी तिथल्या तिथं, पऱ्हाटीत, झोळी बांधलेलीच उभी राहिले आणि कपाळाला हात लावला.

चिखल वाळला. बाभळीच्या दांड्यानं ठोकला तर खरंच खपल्या पडल्या. पांदण सोडून मी धुऱ्याधुऱ्यानं सायकल ढकलत निघाले. डोक्यात एकच होतं, की मी बोलावलेलं नाही. मी बोलावलेलं नाही. जणू कोर्टात उभी राहणार होते.

डांबरी रस्त्याला आमची फुलं आणायची पिकअप उभी होती. मागचं फाळकं उघडलेलं. सुधाकरराव बाजूला उभे होते, दुकानातलाच शर्ट अंगात, खिशाला सुईदोरा टोचलेला. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि त्या पाहण्यात दवाखान्याच्या पायऱ्यांवरचा तोच चेहरा होता.

"बस," ते म्हणाले.

खरं सांगू का, बसावंसं वाटलं. पोटऱ्या थरथरत होत्या, मनगट सुजलं होतं, आणि ते उघडं फाळकं माझ्यासमोर होतं. नुसतं टेकायचं होतं. कोणी हसलं नसतं. उलट सगळ्यांनी कौतुक केलं असतं, बरं झालं, ऐकलं.

"मी बोलावलं नाही," मी म्हटलं.

"बोलावलं नसंन. पण मले यावं लागलं नं. ठरलं होतं."

"चुकीचं ठरलं होतं," मी म्हटलं, आणि सकाळपासून घशात अडकलेलं सगळं बाहेर आलं. "सकाळपासून घसा सुकला होता माहा. फोन हातात होता. तुमचं नाव काढलं आन् परत ठेवून देल्ला. कावून? तं फोन केला की सायकल गेली. असं ठरवून ठेवलं तुमी, आन् मी बी हाव म्हटलं. त्या बाया आल्या नसत्या तं मी तिथंच पडली असती, पण तुमाले फोन केला नसता."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, धूळ उडाली, खाली बसली.

"मले भीती वाटते," ते शेवटी म्हणाले. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

"वाटू द्या. मले बी वाटते. मी बोलावलं तं या, धावत या. नाही बोलावलं तं येऊ नका. आन् बोलावलं म्हणून सायकल मागू नका."

ते गाडीकडं वळले. गाडीतून पाण्याची कॅन काढली आणि माझ्या बाटल्या भरून दिल्या, तिन्ही. मी प्यायले, तोंड धुतलं, बसले सायकलवर आणि निघाले. मागं पाहिलं नाही. मला वाटलं, आता ही गाडी घरापर्यंत माझ्या पाठीशी रखडत येणार. पण थोड्या वेळानं पिकअप शेजारून पुढं गेली, हॉर्न न वाजवता. तेव्हा कुठं लक्षात आलं, की मागं लोखंडावर त्यांनी आमची जाड सतरंजी अंथरली होती, सायकलला ओरखडे पडू नयेत म्हणून. माळ्यावर टाकायला निघालेली सायकल, आणि तिच्यासाठी सतरंजी. मी रस्त्याच्या कडेला थांबून रडले, मग स्वतःलाच एक शिवी घातली आणि पेडल मारलं.

दिवे लागायच्या वेळी घरी पोचले तर ते दुकानात सोमवारचे हार करत बसले होते. "आली?" त्यांनी विचारलं. "आली," मी म्हटलं. झालं, एवढंच. सायकल हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवली. ती माळ्यावर गेली नाही, पण जाणार नाही असंही कोणी म्हटलं नाही. पुढच्या दोन दिवाळ्या मी फेरा करून नीट परत आले, त्यामुळं परीक्षेची वेळच आली नाही. सतरंजी मी पाहिली होती, पण सतरंजी म्हणजे काही शब्द नव्हे. दरवर्षी या वाऱ्याबरोबर ती शंकाही येते. मी हाक मारली तर काय होईल?

यंदा ते कळलं. रविवारी, पूर्णेचा पूल ओलांडून मूर्तिजापूरकडं येत असताना, मागच्या चाकाचं फ्रीव्हील गेलं. पेडल नुसतं हवेत फिरावं तसं फिरायला लागलं, चाक जागचं हलेना. हत्यारं होती, पण ते काम रस्त्यावर होणारं नव्हतं. मी सायकल एका बाभळीला टेकवली. या वेळी पाणी होतं, जेवण होतं, दुखत काहीच नव्हतं. हवं तर ढकलत मूर्तिजापूर गाठून, रेल्वेत टाकून, कोणाला न सांगता घरी येता आलं असतं. मी तसं केलं नाही. विचारायचं तर आत्ताच विचारावं म्हटलं, आणि फोन लावला. "या," एवढंच मी म्हणाले. त्यांनी काय झालं हे विचारलं नाही. कुठं आहेस, हे विचारलं.

ते आले, सायकल चढवली. घरापर्यंत आम्ही तुरीच्या भावाशिवाय कशावरही बोललो नाही. घरी पोचल्यावर मी माळ्याच्या शिडीकडं पाहत होते, आणि त्यांनी चाक खोलून बाजूला ठेवलं. सोमवारी ते स्वतः चाक घेऊन गेले. गुरुवारी ते परत आलं, तेल दिलेलं, फ्रीव्हील नवं. मला वाटलं, दुरुस्त करून ठेवतील आणि मग सांगतील, आता बस झालं.

शनिवारी पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं. "चाल. गाडी काढली हाये." सायकल मागं चढवलेली होती, पिशव्या लावलेल्या. मी तोंडावर पाणी मारलं आणि बसले. बडनेऱ्याच्या पुढं उजाडलं. मूर्तिजापूर ओलांडून गाडी पूर्णेकडं वळली तेव्हा मला कळलं, आपण कुठं चाललोय. पुलाच्या अलीकडं त्यांनी ब्रेक मारला.

"इथंच नं?"

मी काचेतून पाहिलं. बाभळी सगळ्या सारख्याच दिसतात, पण माझी मला ओळखू येत होती, ती अजून पुढं, पुलाच्या अंगाला होती. तिच्यापासून इथवरचा तुकडा मी सायकलनं केलेला नव्हता.

"नाही. अजून पुढं."

"एवढ्याशानं काय फरक पडते वं?"

"पडते," मी म्हटलं.

त्यांनी गाडी पुढं घेतली. माझी बाभूळ आली, तशी मी थांबा म्हणाले, पण ते थांबले नाहीत. तिला मागं टाकून थेट पुलाच्या तोंडाशी नेऊन गाडी उभी केली, उतरले, आणि सायकल खाली काढून माझ्या हातात दिली.

"इथून घे," ते म्हणाले. "नाही तं मंग म्हणशील, तेवढा राहिला."